जवारी काढली आहे

केरसुणीनं त्या सोमवारी मला चारशे बारा पॅच पाठवले, आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्यातल्या तीनशे नव्वदांना मी 'चालेल' म्हणून मोकळी झाले होते. हे मुद्दाम आधी सांगते. पुढे माझ्याविषयी जे बोललं गेलं ते तुमच्या कानावर येईलच: म्हातारी हट्टी आहे, तिला यंत्रांचा राग आहे, स्वतःच्या जुन्या कोडवर तिची पोटच्या पोरासारखी माया आहे. यंत्रांचा मला राग नाही. आणि बावन्न वर्षांची बाई म्हातारी असते का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आधी माझं काम सांगते, म्हणजे भांडण समजेल. फोन असो की संगणक, त्याच्या पोटात एक ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि आवाज काढणारी एक चिप असते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मध्ये जो प्रोग्रॅम दुभाषी म्हणून बसतो, त्याला साउंड ड्रायव्हर म्हणतात. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या एका खुल्या सिस्टिममधले असे अठ्ठावीस ड्रायव्हर एकोणीस वर्षं माझ्याकडे आहेत. त्यात कुणीही बदल सुचवावा. तो बदल म्हणजे पॅच. मी तो वाचते आणि चालेल की नाही ते सांगते. मिरजेत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, पंखा पाच वर ठेवून.

केरसुणीचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. या सिस्टिमचे नियम ठरवणाऱ्या, पुण्याच्या निर्मळ नावाच्या मंडळानं बनवलेलं ते यंत्र, सगळा कोड वाचायचं आणि अडगळ दिसली की झाडून काढायचा पॅच पाठवायचं. कुठे न वापरलेली ओळ, कुठे दोनदा केलेली तपासणी, कुठे 'रिसीव्ह'चं चुकलेलं स्पेलिंग. केरसुणी हे नाव मी ठेवलं, आणि २०४१ सालापर्यंत ते इतकं पसरलं की फिनलंडचे एक गृहस्थसुद्धा ईमेलमध्ये 'केरसुणी' लिहायला लागले. तिचं काम चोख असायचं. माझ्याच तीन जुन्या चुका तिनं मला दाखवल्या होत्या आणि मी मुकाट्यानं मान्य केल्या होत्या.

जेवून आल्यावर तीनशे एक्क्याण्णवावा पॅच उघडला. चार ओळी काढायच्या, चौसष्ट आकड्यांचा एक तक्ता काढायचा, आणि त्यावरची एक टिप्पणी. टिप्पणी अकरा वर्षांपूर्वी मीच रोमन अक्षरांत लिहिली होती: 'जवारी काढली आहे.' केरसुणीनं खाली कारण दिलं होतं. 'टिप्पणी मराठीत आहे. अर्थ: ज्वारी, एक धान्य, काढून टाकण्यात आली आहे. म्हणजे लेखिकेनंच हा भाग रद्द केला होता, पण कोड नजरचुकीनं मागे राहिला. हा कोड आवाजात खरखर मिसळतो. उरलेला भाग काढून काम पूर्ण करत आहे.'

मी एकटीच खो खो हसत सुटले. डोळ्यांतून पाणी आलं. मग चष्मा पुसून खाली वाचलं, तर दोघा परीक्षकांनी आधीच संमती दिलेली. निर्मळ मंडळाच्या नव्या नियमानं सात दिवसांत हरकत आली नाही तर पॅच आपोआप आत जाणार होता, आणि हरकतीसोबत मोजमाप जोडणं सक्तीचं होतं. नुसतं 'नाही' चालणार नव्हतं. माझं हसू तिथंच संपलं, कारण त्या चार ओळींवर माझी बहीण ऐकते.

कुंदा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. एकोणिसाव्या वर्षी तिला क्षय झाला. इंजेक्शनांनी जीव वाचवला आणि कान नेले. सगळे नव्हे; जाड, खालचे आवाज राहिले, वरचे बारीक गेले. माणसाच्या बोलण्यात स, श, ख ही अक्षरं तिथं वर राहतात. मी तिची परीक्षा घ्यायला एक वाक्य केलं होतं, 'सुशीच्या सासूची शिळी शेव.' तिला ते 'उईया आऊई इळी एव' असं ऐकू यायचं. बाजारातली कानातली यंत्रं सगळाच आवाज मोठा करत. त्यांनी सुशीची सासू काही परत आली नाही, उलट भांड्यांचा आवाज डोक्यात जायला लागला.

आता जरा विज्ञान सांगते, कंटाळू नका. कानातली नस म्हणजे एक उंबरठा समजा. आवाज हे अंगणात साचलेलं पाणी. पाणी उंबरठ्याच्या दोन बोटं खाली असेल तर घरात थेंबही येत नाही. आत बसलेल्याला वाटतं, अंगण कोरडं आहे. पण त्याच पाण्यावर बारीक लाटा उठवल्या, तर अधूनमधून थोडं पाणी उंबरठा ओलांडतं. पाणी वर असेल तर जास्त वेळा, खाली असेल तर कमी. त्या ओलांडण्यावरून आतल्याला कळतं, बाहेर किती पाणी आहे. अधू नसेला बारीक आवाज असाच पोचवता येतो, त्यात मोजकी खरखर मिसळून. खरखर जास्त झाली तर सगळं बुडतं, कमी झाली तर काही होत नाही.

हे पुस्तकात सोपं होतं. जुन्या फोनची चिप साबणाच्या डबीत बसवून मी कुंदासाठी यंत्र केलं आणि त्यात खरखर घातली. कुंदा म्हणाली, "अक्का, पत्र्यावर गारा पडायला लागल्यात. तू बोलतीस का नाही तेच कळंना." सात महिने मी आकडे बदलत होते आणि ती गारा ऐकत होती.

तोड काढली मकबूलचाचांनी. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं तंबोऱ्याचं दुकान. तंबोऱ्याच्या तारा हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या एका चपट्या घोडीवरून जातात. ती घोडी कानसून, घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून अशी जागा शोधायची, की तार घोडीला जेमतेम चाटून जाईल. मग नुसत्या 'टंग'चा भरलेला, घुमणारा सूर होतो. त्या घुमाऱ्याला जवारी म्हणतात आणि ती लावण्याच्या कसबाला म्हणतात जवारी काढणं. कुंदा दुकानात माझ्यासोबत बसली होती. चाचांनी दोरा केसभर सरकवला आणि कुंदा दचकून म्हणाली, "ह्यात काहीतरी बारीक बोलतंय."

त्या तारेचा घुमारा मी मोजला. ती सपाट खरखर नव्हती. मूळ सुराबरोबर चढायची, त्याच्याबरोबर उतरायची. त्या चढउताराचे चौसष्ट आकडे मी तक्त्यात बसवले. चाचा रोज दुपारी डबी कानाला लावून म्हणायचे, अजून बंद आहे, जरा खोल; आता फार खुलली, बेटा, मागं घे. सोळाव्या दिवशी मी कुंदाच्या पाठीमागून हळू म्हणाले, "सुशीच्या सासूची शिळी शेव." ती न वळता म्हणाली, "शिळी कशाला खातीस? ताजी आण की." त्या संध्याकाळी मी कोडमध्ये ती टिप्पणी लिहिली.

डबीचा नकाशा मी खुला ठेवला होता. आता अशा डब्या हजारो माणसांच्या खिशात आहेत, आणि सगळ्यांत तोच ड्रायव्हर.

मंगळवारी ईशानचा फोन आला. ईशान कारखानीस, निर्मळ मंडळाचा मुख्य. आठ वर्षांपूर्वी पॅच कसा वाचावा हे तो माझ्याकडेच शिकला होता, त्यामुळे अजून मॅडम म्हणतो.

"मॅडम, चारशे अकरा झाले. एकच अडकलाय."

"अडकला नाही. मी अडवलाय."

"पण मोजमाप बघा ना. पॅच लावला की खरखर शून्य. मीटर स्वच्छ दाखवतोय."

"मीटरला बहिरेपण येत नाही, ईशान. त्याला काय विचारतोस?"

"तुम्ही तुमची वेगळी आवृत्ती ठेवा ना. डबीवाल्यांसाठी."

"कशी ठेवू? पहिल्या तारखेपासून अधिकृत नसलेला कोड डबीत चढूच नये, असा नियम तुमच्याच मंडळानं केला. त्याच दिवशी सगळ्या डब्या आपोआप नवा कोड घेणार. आणि नियम नसता तरी मी वेगळी चूल मांडली नसती. बाकी जग ज्या घरात राहतं, त्याच घरात माझी बहीण राहील."

"टिप्पणी मराठीत लिहायची काय गरज होती पण?" तो चिडून म्हणाला. "इंग्रजीत असती तर हे झालंच नसतं."

हे मात्र मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. मी ती ओळ ऐटीत लिहिली होती. आपल्याला कळतंय ना, मग झालं, अशा ऐटीत. मी त्याला म्हणाले, "चूक माझी. दंड मला कर. कुंदाला कशाला करतोस?" आणि फोन ठेवला.

मोजमाप द्यायचं तर माणसाचा कान मोजून द्यायला हवा होता, आणि सगळ्यांत पक्कं मोजमाप माझ्या घरातच होतं. कुंदा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ट्रॅक्टरच्या ब्रेकचे ड्रम वाजवून तपासते. लाकडी ठोकळ्यावर ड्रम ठेवायचा, छोट्या हातोडीनं टोला द्यायचा. चांगला ड्रम ठण्ण करतो आणि रेंगाळतो. केसाएवढी भेग असली की बद्द वाजतो. तिथल्या यंत्राच्या नजरेतून सुटलेल्या भेगा तिनं नऊ वर्षं पकडल्या. पण नोकरीच्या फॉर्मवर 'ऐकण्यात दोष' या रकान्यात तिनं 'नाही' लिहिलं होतं. डबी ती ब्लाउजमध्ये ठेवायची आणि डबीची कानातली गुंडी झाकायला केस कानांवरून घ्यायची. तिचं मोजमाप जगापुढे ठेवायचं म्हणजे ते खोटं उघडं पाडायचं.

म्हणून मी तिला काहीच सांगितलं नाही. दुसरं काहीतरी सुचेल, म्हणत बुधवार घालवला. गुरुवारी सकाळी मकबूलचाचांकडे गेले आणि केरसुणीचं कारण त्यांना वाचून दाखवलं. त्र्याऐंशी वर्षांच्या चाचांनी कानस खाली ठेवली.

"काढली म्हणजे टाकली?" ते म्हणाले. "दारात रांगोळी काढली म्हणजे काय पुसली? चित्र काढलं म्हणजे फाडलं? त्या यंत्राला कुणी मराठी शिकवली गं? त्याला माझ्याकडं पाठव, चार महिने घोडी घासू दे."

मी हसले. पण मी उठताना ते म्हणाले, "कुंदाला काय म्हणालीस?" 'अजून काही नाही,' म्हणत मी चपला घातल्या. चाचांना गप्प बसणं जमत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

चार वाजता पहिली पाळी सुटली आणि कुंदा जिना दणदणत वर आली.

"चार दिवस झाले अक्का! माझ्या कानाचा सौदा चाललाय आणि मलाच पत्ता नाही?"

"तुझी नोकरी जाईल, म्हणून..."

"आणि पॅच आत गेला तर राहील? पहिल्या तारखेला बहिरी होऊन मी ड्रम वाजवणार, फुटके पुढं धाडणार, आणि कुणाचा तरी ट्रॅक्टर उतारावर ब्रेक सोडणार. ते चालेल तुला?" ती हमसून रडत होती आणि रडताना बोलत होती. "लहानपणापासून हेच. कुंदाला कळू देऊ नका, कुंदाला त्रास नको. क्षय झालाय हे सुद्धा मला शेजारणीनं सांगितलं."

मी तिचा हात धरायला गेले, तिनं झटकला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "उद्या बिरादार साहेबांशी मी बोलते. तू फक्त तुझा फोन चार्ज करून आण."

शुक्रवारी फाउंड्रीच्या अंगणात चाळीस ड्रम मांडले होते. त्यातले सहा भेगाळलेले. कुठले ते क्ष-किरणांनी तपासून बिरादारांनी पाकिटात बंद केलेले. बिरादार हे तिथले तपासणीचे साहेब, कमी बोलणारे. कुंदानं त्यांना आधीच केस मागे सारून कानातली गुंडी आणि डबी दाखवली होती. ते फक्त म्हणाले होते, "आधी ड्रम वाजव. मग बघू." माझ्या फोनवरून जगभरचे सत्तरेक मेंटेनर, म्हणजे माझ्यासारखे ड्रायव्हर सांभाळणारे, बघत होते. ईशानही होता.

सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला ड्रमांची जागा बदललेली. डबीत जुना कोड घालायचा की पॅच लावलेला, हे बिरादार नाणं उडवून ठरवायचे आणि मला कागदावर दाखवायचे. कुंदाला ठाऊक नसायचं. पण कागद न बघताही पहिल्या टोल्यालाच तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. पॅच लावलेल्या फेऱ्यांत ती हातोडी मारून वाकायची, पुन्हा मारायची, कान ड्रमपाशी न्यायची. अशा तीन फेऱ्यांत मिळून अठरांपैकी चार भेगा सापडल्या, आणि पाच चांगले ड्रम तिनं फुटके ठरवले. जवारीच्या तीन फेऱ्यांत ती उभी राहून, एकेक टोला मारत, रांगेतून नुसती चालत गेली. अठरांपैकी अठरा. बिरादारांनी तिन्ही वेळा पाकीट उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं.

फोनमधून ईशान म्हणाला, "मॅडम, दाद द्यायला हवी. पण एका कानावर नियम ठरत नाही हो."

मी तोंड उघडणार, तोच कुंदानं फोन माझ्या हातातून घेतला. "किती कान पाहिजेत तुम्हाला?" ती म्हणाली. "आकडा सांगा."

त्यानं आकडा सांगितला नाही. मग आम्हीच मोजायला लागलो. डबीवाल्यांच्या गटावर कुंदानं आपल्या आवाजात निरोप टाकला: आपापल्या कामात जे ऐकावं लागतं, ते दोन्ही कोड घालून ऐका, बाजूला साक्षीदार ठेवा आणि पाठवा. बल्लारीच्या शिलाई कामगारानं सुई मोडल्याचा बारीक आवाज पाठवला. चिपळूणच्या बाईनं कढईत मोहरी तडतडायला लागते तो क्षण. एका शिक्षिकेनं शेवटच्या बाकावरची कुजबुज. एका आजोबांनी फक्त नातीचं नाव पाठवलं, शिशिरा. रविवार संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा कान जमले. मी त्या सगळ्यांच्या चाचण्या करून ड्रायव्हरसोबत कायमच्या जोडल्या. चाचणीत नापास झालेला पॅच आत जात नाही, हा नियम माझा नव्हता. तोही निर्मळ मंडळाचाच.

वर माझी हरकत लिहिली. तीत एवढंच होतं: 'नाही. मोजमाप सोबत जोडलं आहे. वाचायला वेळ लागेल, बसून वाचा.'

सोमवारी सकाळी केरसुणीनं चाचण्या चालवल्या आणि दोनशे चौदा ठिकाणी नापास झाली. पॅच तिनं स्वतःच मागे घेतला. दुपारी तिचा एक नवा पॅच आला, माझ्या टिप्पणीवर. 'काढणे या क्रियापदाचे किमान दोन अर्थ संभवतात. शंका असल्यास लेखिकेला विचारावे.' मी तो वाचला आणि 'चालेल' म्हणाले. कोड तसाच आहे. टिप्पणी आता देवनागरीत आहे, आणि तिच्याखाली मी इंग्रजीत अडीच पानं समजावून लिहिलंय, ऐट न करता.

सगळं गोड झालं असं समजू नका. माणसांना केरसुणीइतकी समज नसते. 'प्रक्रियेचा दुरुपयोग' म्हणून निर्मळ मंडळानं माझ्या अठ्ठावीसपैकी सत्तावीस ड्रायव्हर काढून घेतले. अठ्ठाविसावा घ्यायला कुणी पुढे येईना, इतक्या चाचण्या कोण सांभाळणार! कुंदाला फॉर्मवर खोटं लिहिल्याबद्दल नोटीस मिळाली. चौकशी संपेपर्यंत तिला पॅकिंगला बसवलंय. चौकशीत बिरादार साहेबांनी एकच कागद ठेवला, नऊ वर्षांत तिनं पकडलेल्या भेगांची यादी. निकाल अजून यायचाय.

काल सकाळी ईशानची ईमेल आली. मॅडम, वैयक्तिक काही मानू नका, तुमच्याविषयी आदर आहेच, वगैरे. खाली सही, हुद्दा आणि निर्मळ मंडळाचं चिन्ह. मी पडद्याकडे बघत अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाले, "शिष्ट मेला."

दाराशी पाठमोरी बसून कुंदा चपलेचा पट्टा लावत होती.

"कोण गं शिष्ट?" तिनं न वळता विचारलं.

तिनं पिशवी खांद्याला लावली, तेव्हा आत काहीतरी ठण्ण वाजलं. "पॅकिंगला हातोडी कशाला नेतेस?" मी विचारलं.

"खोकी भरताना ड्रम हातातून जातातच की," ती म्हणाली, आणि जिना उतरून कामावर गेली.